नऊ महिने जमिनीवर उभी असलेली नौका: ९० दिवसांतले किती दिवस यार्डात घालवावेत?

धरमपेठकर, ८ मार्च २०२६

सर्वांना नमस्कार. होळी झाली आणि परवा घरचा कूलर माळ्यावरून खाली काढला. आठ महिने बंद राहिलेल्या पंपाचा पंखा नेहमीप्रमाणे अडकून बसला होता. तो बोटाने फिरवून मोकळा करत असताना साता समुद्रापलीकडच्या दुसऱ्या एका पंपाची आठवण झाली, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो आहे.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला माझा एक जुना वर्गमित्र आणि मी अशा दोघांच्या मालकीची ३६ फुटांची, फायबरची, शिडाची नौका ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रेवेझासमोरच्या आक्टिओ येथील नौका ठेवण्या-दुरुस्त करण्याच्या एका यार्डात टेकूंवर उभी आहे. झेंडा ब्रिटिश आहे. गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सौ. आणि मी तिला तेथे ठेवून नागपूरला परतलो. सप्टेंबरमध्ये मित्र जाणार होता, परंतु त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाल्यामुळे तो जाऊ शकला नाही, आणि नौका तेथला कडक उन्हाळा आणि नंतरचा पावसाळी हिवाळा असे सलग नऊ महिने बंदच राहिली.

गेल्या वर्षीचा अनुभव फारसा सुखाचा नव्हता. आम्ही १६ एप्रिल २०२५ रोजी पोहोचलो तो बुधवार होता, आणि तेथील ऑर्थोडॉक्स पंथाचा ईस्टर २० एप्रिलला आहे हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत यार्डाला टाळे. त्यानंतर तळ घासून रंगवण्यात आठवडा गेला, २९ तारखेला क्रेनने नौका पाण्यात सोडली आणि पट्टे सैल होताच शौचालयाच्या पाण्याचा तळातील व्हॉल्व्ह ठिबकू लागला. नौका पुन्हा वर, क्रेनच्या रांगेत आमचा क्रमांक पुन्हा शेवटी, मध्ये १ मेची सुट्टी. प्रत्यक्ष समुद्र लाभला तो ७ मेला. युरोपच्या शेंगेन व्हिसावर राहता येणाऱ्या ९० दिवसांपैकी २१ दिवस आम्ही शिडीवरून चढण्या-उतरण्यात घालवले. इतक्या दूर जाऊन जमिनीवरच राहायचे असते तर अंबाझरीच्या काठावर बसलो असतो, हे सौ.चे वाक्य मला वर्षभर ऐकावे लागले आहे.

यंदा ईस्टर १२ एप्रिलला आहे, आणि आम्ही २० एप्रिलच्या सोमवारी अथेन्सला उतरत आहोत. बहुवेळा प्रवेशाचा व्हिसा हातात आहे. अनुभवी मंडळींना विचारायचे आहे ते असे, की यार्डात किमान किती दिवस धरावेत आणि कामांचा क्रम कसा लावावा. सौ.ची अट एवढीच आहे की मेच्या पहिल्या आठवड्यात इथाका बेट दिसले पाहिजे. ता. क. गेल्या वर्षी १० जूनला आम्ही अल्बेनियातील सारांडाहून ग्रीसच्या कॉर्फू बेटावर परतलो होतो. नौका तेथे शुल्क न भरता ठेवण्याची १८ महिन्यांची मुदत तेव्हापासून मोजायची, हे बरोबर आहे ना?


वंगणी हात, ८ मार्च २०२६

धरमपेठकर भाऊ, व्यापारी जहाजांच्या इंजिनघरात मी २६ वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर एका स्नेह्याच्या नौकेची चार हंगाम ग्रीसमध्येच उठाठेव केली, त्या आधारावर लिहितो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच हकिगतीत आहे. २९ एप्रिलला गळू लागलेला तो व्हॉल्व्ह १६ एप्रिललाही तसाच होता. यादीत रंगकाम वर असल्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, इतकेच. म्हणून माझे सांगणे असे की कामांची यादी महत्त्वानुसार लावू नये, पाण्याच्या रेषेनुसार लावावी. नौका पाण्यात गेल्यावर जिथे हात पोहोचणार नाही ते सारे यार्डात उरकावे, आणि जे नांगरावर बसून होऊ शकते, मग ते कितीही डोळ्यांना खुपत असले तरी, यार्डात हाती घेऊ नये. बुरशी, वॉर्निश, गळका नळ, पडद्यांच्या कड्या ही सगळी कामे नांगर टाकल्यावर संध्याकाळच्या चहासोबत होतात.

पहिल्याच सकाळी, बॅगा उघडण्यापूर्वी, तळातील प्रत्येक सीकॉक, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, पूर्ण उघडून आणि पूर्ण बंद करून पाहावा. मूठ जड गेली तर जोर लावू नये, कारण झिजलेली मूठ तुटून हातात येते आणि व्हॉल्व्ह आहे त्याच स्थितीत राहतो. नंतर बाहेरच्या बाजूने तळाशी बसून प्रत्येक धातूच्या तोंडावर खिळ्याच्या टोकाने हलकेच खरवडावे. खाली पिवळी चमक आली तर ठीक. गुलाबी रंग दिसला तर मिश्रधातूतील जस्त समुद्राच्या पाण्याने खाऊन टाकले असून मागे नुसते सच्छिद्र तांबे उरले आहे असे समजावे, आणि तो भाग त्याच दिवशी बदलायला सांगावा. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांत पाणी प्यायलेल्या आपल्यासारख्यांना पितळेचा खरा रंग शिकवण्याची गरज नाही. शंकेचा व्हॉल्व्ह पहिल्या दिवशी सापडला तर रंगकाम सुरू असतानाच तो बदलून होतो आणि दिवस वाया जात नाही.

त्यानंतर, स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवणारे जस्ताचे अ‍ॅनोड. अर्ध्याहून अधिक झिजले असतील तर नवे लावावेत आणि त्यांच्यावर रंगाचा थेंबही पडू देऊ नये. रंगवलेला अ‍ॅनोड झिजत नाही आणि मग त्याच्या वाटणीची झीज नौका पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या वाट्याला येते. शेवटी अँटिफाउलिंग, म्हणजे तळावर शेवाळ आणि शिंपले धरू न देणारा रंग. ३६ फुटी नौकेला दोन हातांसाठी साधारण पाच-साडेपाच लिटर रंग लागतो. पाण्याच्या रेषेलगत आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला तिसरा हात द्यावा, कारण तेथे रंग लवकर झिजतो.

इंजिन जमिनीवर असतानाच सुरू करून पाहता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या नळीचे टोक काढून भरलेल्या बादलीत बुडवावे, दुसऱ्या माणसाने बादलीत सतत गोडे पाणी ओतत राहावे आणि इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे. त्यापूर्वी इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातील रबरी पंखा, नवा बसवावा, कारण त्याच्या रबरी पात्या नऊ महिने एकाच बाजूला वाकून राहिल्या की तशाच राहतात आणि नंतर मुळापाशी चिरतात. कूलरच्या पंपाचा पंखा अडकतो तेव्हा खोली गरम होते. इथे अडकला तर इंजिन तापते, आणि तेही नेमके बंदराच्या तोंडाशी. इंधनाच्या गाळणीखालची काचेची वाटीही पाहावी. तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसला तर तो काढून टाकावा, आणि डिझेलमध्ये काळी, लिबलिबीत घाण दिसली तर टाकी साफ केल्याशिवाय निघू नये.

दिवसांचा हिशेब आता सरळ आहे. २१ ला नौकेवर पोहोचलात तर २८ एप्रिलचा मंगळवार क्रेनसाठी आजच ई-मेलने निश्चित करून घ्यावा. काही अडचण निघालीच तर बुधवार आणि गुरुवार हाताशी राहतात. शुक्रवारी १ मे आहे, त्या दिवशी पुन्हा टाळे. क्रेनची वेळ मागताना दिवसातील शेवटची मागावी, म्हणजे यार्डाची तयारी असेल तर नौका रात्रभर पट्ट्यांत टांगलेली ठेवता येते. टेकूंखाली झाकलेले जे चौकोन बिनरंगाचे राहतात ते तेव्हा रंगवून होतात, आणि सकाळी पाण्यात उतरल्यावर पट्टे न सोडता तळातील प्रत्येक जागा बोट फिरवून पाहता येते.


मोकळा वारा, ९ मार्च २०२६

मला हा सारा खटाटोप पटत नाही. रंग, अ‍ॅनोड आणि इंजिनची तपासणी ही कामे आपण पोहोचण्यापूर्वीच यार्डाला सांगून करून घ्यावीत आणि आपण थेट क्रेनच्या आदल्या दिवशी जावे. पैसे अधिक जातात हे खरे, पण व्हिसाचे दिवस पैसे मोजूनही वाढवून मिळत नाहीत. मी सलग दोन वर्षे असेच केले आणि तिसऱ्या दिवशी नांगर टाकून पोहत होतो.


वंगणी हात, ९ मार्च २०२६

मोकळा वारा, रंगकामापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि धरमपेठकरांनी ते आधी करून घेतले तर त्यांचे आणखी तीन दिवस वाचतील. सीकॉक मात्र मी परक्या हातावर सोडणार नाही. रंगवणारा माणूस व्हॉल्व्हच्या तोंडावरून ब्रश फिरवून पुढे जातो, आणि ताज्या निळ्या रंगाखाली पितळ पिवळे आहे की गुलाबी, हे नंतर कोणालाच कळत नाही. यार्डाला रंग द्यायचा असेल तर तळातील धातूची तोंडे उघडी ठेवण्यास लेखी सांगावे, ती आपण स्वतः खरवडून पाहावीत आणि मगच रंगवावीत.


आकडेमोड, ९ मार्च २०२६

यंत्रांतले मला काही कळत नाही, परंतु मी सनदी लेखापाल आहे आणि माझे यजमान दर वर्षी क्रोएशियातील एका नौकेवर भागीदार म्हणून जातात, त्यामुळे दिवसांचा हिशेब आमच्या घरी मीच ठेवते.

धरमपेठकर काका, आपण दोन वेगवेगळी घड्याळे एकत्र करू नयेत. एक घड्याळ माणसाचे आहे: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि त्यात उतरण्याचा दिवसही धरतात आणि निघण्याचाही. २० एप्रिलला प्रवेश केलात आणि मध्ये कुठे बाहेर गेला नाहीत, तर १८ जुलै हा नव्वदावा दिवस होतो. त्या दिवशी विमानतळावर बाहेर पडल्याची नोंद मध्यरात्रीपूर्वी झालेली असली पाहिजे, म्हणून परतीचे तिकीट दोन-तीन दिवस अलीकडचे काढावे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय देशांच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी व्यवस्था आली असून तीत शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन येण्या-जाण्याची नोंद संगणकात होते. एका दिवसाचीही चूक आता कोणाच्या नजरेतून निसटेल, या भरवशावर राहू नये.

दुसरे घड्याळ नौकेचे आहे. युरोपीय संघाबाहेरचा झेंडा असलेली आणि संघाबाहेर राहणाऱ्या मालकांची नौका तेथे १८ महिने शुल्कमुक्त राहू शकते. आपण १० जून २०२५ रोजी संघाबाहेरच्या अल्बेनियातून कॉर्फूला परतलात, तेव्हा तिची मुदत १० डिसेंबर २०२६ च्या सुमारास संपते. पुढील वर्षी वसंतात येऊन पाहू असा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्यावा, कारण तोपर्यंत मुदत संपलेली असेल. याच हंगामात पुन्हा सारांडाला एक फेरी मारली की नौकेचे घड्याळ नव्याने सुरू होते, आणि अल्बेनियात घालवलेले पूर्ण दिवस आपल्या ९० मध्ये धरले जात नाहीत, हा वरचा लाभ. बंदरात कागदपत्रांसाठी तेथे एजंट नेमावा लागतो, तो आधीच ठरवावा. मात्र ही फेरी बहुवेळा प्रवेशाच्या व्हिसावरच शक्य आहे, एकेरी प्रवेशाचा व्हिसा असणाऱ्याला परत आत येता येत नाही, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवते. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना, मागील तीन वर्षांत दोन व्हिसा रीतसर वापरलेले असल्यास, दोन वर्षांचा बहुवेळा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. पण व्हिसा कितीही वर्षांचा असला तरी ९० दिवसांची मर्यादा तीच राहते.

जाता जाता एक गोष्ट. नौकेतील आपला हिस्सा ही परदेशातील मालमत्ता आहे, आणि आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावा लागतो. तेथे आर्थिक वर्ष चालत नाही, जानेवारी ते डिसेंबर धरावे लागते. माझ्या यजमानांसह अनेक जण ही चूक करतात.


मालवणची लेक नागपूरची सून, १० मार्च २०२६

वरील चर्चा वाचून माहेरची आठवण झाली. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी होड्या ओढून वर घेतात आणि माडाच्या झावळ्यांनी शाकारतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि मग त्या पुन्हा पाण्यात जातात. माझे आजोबा होडी उतरवण्याच्या आदल्या दिवशी तिच्याभोवती काहीही न बोलता दोन फेऱ्या मारत आणि हाताच्या उलट्या बाजूने फळ्या ठोकत जात. आवाज बदलला की थांबत. वंगणी हात यांचा खिळा आणि आजोबांचा हात यांत मला फार अंतर दिसत नाही.

आम्ही पतिपत्नी गेली तीन वर्षे आयोनियन बेटांत जात असल्यामुळे नौका पाण्यात गेल्यानंतरच्या दोन गोष्टी सांगते, त्यांविषयी येथे कोणी लिहिले नाही. पहिली शिडांविषयी. पुढचे गुंडाळीचे शीड चढवायला पहाटेचा निवांत वेळ निवडावा. या भागात उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि अर्धे चढलेले शीड फडफडू लागले की ते दोघांना आवरत नाही. चढवण्यापूर्वी ते डेकवर पसरून शिवण बोटांनी चाचपावी. कापड शाबूत असते, उन्हाने आधी दोरा मरतो. नखाने ओढल्यावर तो तुटला तर ती शिवण वाऱ्यात उघडणार हे नक्की.

दुसरी गोष्ट काकूंच्या इथाकाविषयी. पाण्यात उतरल्याबरोबर दक्षिणेला धाव घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आक्टिओला लागूनच अम्ब्राकिया आखात आहे, चारी बाजूंनी जवळजवळ बंद, त्यामुळे समुद्राची मोठी लाट आत येतच नाही. पहिले दोन दिवस तेथे व्होनित्साच्या किल्ल्याखाली नांगर टाकावा. इंजिन, बॅटरी, नांगराची साखळी ओढणारे यंत्र, पाण्याची टाकी यांच्या ज्या काही कुरबुरी असतील त्या तेथेच बाहेर येतात, आणि दुरुस्तीसाठी यार्ड दोन तासांवर असते. शिवाय त्या आखातात समुद्री कासवे आणि डॉल्फिन दिसतात, त्यामुळे काकूंचीही तक्रार राहणार नाही. त्यानंतर लेफ्काडाच्या कालव्यातून, दर तासाला उघडणारा तरंगता पूल ओलांडून, मेगानिसीमार्गे इथाका गाठता येते. २८ ला पाण्यात उतरलात तर ४ किंवा ५ मेपर्यंत अगदी आरामात पोहोचाल.

आतील बुरशीसाठी पांढरा व्हिनेगर पुरेसा होतो. गाद्या उभ्या करून, सगळी कपाटे उघडी टाकून दोन दिवस वारे खेळू द्यावे, म्हणजे तो कुबट वास जातो. खाण्याच्या सामानात सांडगे, कुरड्या, पापड, सावजी मसाला खुशाल न्यावा. मात्र मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे खव्याची संत्रा बर्फी घरीच ठेवावी लागेल. आम्ही पहिल्या वर्षी ती विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि ते दुःख मला अजून आहे. नारळ येथून नेण्याच्या भानगडीत पडू नये. आम्हाला तो प्रेवेझाच्या भाजीच्या दुकानात मिळाला होता.


धरमपेठकर, १२ मार्च २०२६

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यार्डाला लिहिले होते, त्यांचे उत्तर काल आले. २८ एप्रिलची दिवसातील शेवटची वेळ मिळाली असून नौका रात्रभर पट्ट्यांत ठेवण्यास त्यांनी होकार दिला आहे. तळ घासून रंगाचा पहिला हात ते आमच्या आधी देतील, धातूची तोंडे उघडी ठेवतील आणि दुसरा हात मी देईन. सारांडाची फेरी जूनच्या पहिल्या आठवड्यात धरली आहे. सौ.ने व्होनित्साचे दोन दिवस मान्य केले, पण कासव दिसलेच पाहिजे अशी नवी अट घातली आहे.

वंगणी हात साहेब, एक शंका राहिली. आमच्या पंख्याच्या दांड्यावर, जिथे तो तळातून बाहेर जातो तेथे, रबरी सील आहे. नौका पाण्यात उतरल्यावर त्याचे काही करावे लागते का? गेल्या वर्षी यार्डाच्या माणसाने तेथे हात घालून काहीतरी दाबले होते, परंतु गळतीच्या गडबडीत विचारायचे राहून गेले.


वंगणी हात, १२ मार्च २०२६

तेच तर करावे लागते, आणि ते विसरल्यामुळे सील जळालेले मी दोनदा पाहिले आहे. नौका जमिनीवर असताना त्या रबराच्या आत हवा भरलेली असते. पाण्यात उतरल्यावर ती हवा तशीच अडकून राहिली, तर दांडा कोरडाच फिरतो आणि रबर तापून खराब होते. म्हणून नौका पट्ट्यांत तरंगत असताना, गिअर टाकण्यापूर्वी, सीलचे रबर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून दाबावे. आधी फसफस असा आवाज येईल, मग बोटांवरून पाण्याची धार येईल. धार आली की सोडावे. त्यानंतर त्या सीलसाठीचे वंगण थोडे आत भरावे. साधे ग्रीस वापरू नये, त्याने रबर फुगते. ते वंगण आणि इम्पेलरचा आणखी एक नग, दोन्ही यार्डाच्या दुकानातून पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावे, कारण मे उजाडला की प्रत्येक नौकेला नेमक्या याच दोन वस्तू हव्या असतात.